घरमालकाची बहीण

बाईंना राग यायला कारण लागत नाही, असं अख्खी कॉलनी म्हणायची आणि ते साफ खोटं होतं. कारण लागायचं. फक्त ते शोधायला बाईंना फार लांब जावं लागत नसे. या खेपेला तर ते घरातच होतं, पुढच्या खोलीतल्या पलंगावर, पालथं.

पालथे होते ते सर, म्हणजे बाईंचे यजमान, जन्मभर भूमिती शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडला होता आणि तो जागच्या जागी बसावा म्हणून हुकूम दिला होता, की झोपायचं पालथं, बसायचं मान खाली घालून, आणि वाचनाचं नाव काढायचं नाही. सरांना मान खाली घालायला लावणं संसारभर बाईंना जमलं नव्हतं, ते डॉक्टरांनी एका सकाळीत करून दाखवलं. उशी मिळाली तीही मधोमध भोक असलेली. सर बोलले की आवाज पलंगाखालून यायचा.

भेटायला येणारे लोक सरांच्या टाळूशी बोलत आणि सल्ले बाईंना देत. एकानं सांगितलं, सारखं पालथं झोपून पोट बिघडतं, तेव्हा अधूनमधून उताणं व्हायला हरकत नाही. दुसऱ्यानं सांगितलं, त्याच्या साडूनं असंच अधूनमधून उताणं होऊन डोळा घालवला. तिसऱ्यानं डॉक्टरांचं नाव विचारलं, ते ऐकून नुसतं "असं का" म्हटलं आणि चहा संपवला. बाईंना सगळ्यात जास्त राग या तिसऱ्याचा आला, कारण पुढे रात्रभर त्या "असं का"चा अर्थ लावत सर जागे राहिले आणि सरांबरोबर त्याही.

पण खरा राग पुस्तकाचा होता.

या घरात एक रीत होती. रहस्यकथा दोघांनी मिळून, मोठ्यानं वाचायची. शेवटचं प्रकरण आलं की पुस्तक मिटायचं, दोघांनी आपापला खुनी कारणांसकट सांगायचा आणि मगच पुढे जायचं. ज्याचा खुनी बरोबर निघेल तो पुढचं पुस्तक निवडणार. या रीतीमुळे आपला संसार टिकला असं सर चारचौघांत सांगत, आणि संसार कुणामुळे टिकला हे बाई चारचौघं गेल्यावर सांगत.

कॉलनीच्या वाचनालयात रहस्यकथांच्या दोन रांगा होत्या. ज्यात खून होतो पण कुणाच्या कपड्यांना डाग पडत नाही, अशा पुस्तकांच्या पाठीवर ग्रंथपालानं चहाच्या किटलीचं चित्र चिकटवलं होतं. ज्यात खुनाच्या जोडीला दारू, घटस्फोट, शिव्या आणि गळकं छप्पर असतं, त्यांच्या पाठीवर सुरीचं. सर किटलीवाले, बाई सुरीवाल्या. ऑपरेशनच्या खोलीत नेताना सरांनी बाईंचा हात धरून एवढंच मागितलं होतं, की डोळा बरा होईपर्यंत पुस्तक मी सांगेन ते वाच. अशा वेळी बायको काय म्हणणार? बाई हो म्हणाल्या. माणूस स्ट्रेचरवर असताना त्याला कबूल केलेलं कायद्यानं बंधनकारक नसतं, हे त्यांना ठाऊक होतं, पण आता बोलून चुकल्या होत्या.

कायद्याचं त्यांना ठाऊक असणारच, कारण बाई कोर्टात स्टेनो होत्या. नोकरीभर त्यांनी साक्षी टिपल्या. साक्षीदार जे बोलला ते, जसं बोलला तसं, पदरचा एक शब्द न घालता. त्यांच्या टिपणावर वकील भांडत, न्यायाधीश चिडत, पण शब्द इकडचा तिकडे झालाय असं कुणी म्हणू शकलं नाही. अशा बाईच्या हातात सरांनी दिलं ते पुस्तक होतं ‘बेकरीतला बुधवार’.

‘बेकरीतला बुधवार’मध्ये एका टुमदार गावातला खवट घरमालक एका बेकरीच्या मागच्या खोलीत, मैद्याच्या पोत्यांवर मरून पडतो. बेकरीवाली किंचाळते, मग सावरते, मग सगळ्यांना गरम केक देते. पोलीस येतो, तोही केक खातो आणि बेकरीवालीला विनंती करतो, की बाईसाहेब, तपासात जरा मदत कराल का. तिच्या मांजराला संशयिताचा वास येतो. दुपारी बेकरी पुन्हा उघडते आणि रांग लागते.

"कुठल्या मैद्याचा केक?" बाईंनी वाचता वाचता विचारलं.

सर म्हणाले, वाच.

बाई वाचत राहिल्या, पण तळपायाची आग मस्तकात गेली होती. एक माणूस मेलाय. खवट असेल, भाडं वाढवत असेल, पण मेलाय. त्याच्याबद्दल अख्ख्या गावात कुणाला काडीचं काही वाटत नाही आणि केकला मात्र वेलची घातली होती का यावर दीड पान. सुरीवाली पुस्तकं फार शहाणी असतात असं बाईंचं म्हणणं नव्हतंच. त्यातला पोलीस रात्रभर पितो आणि सकाळी जिने चढत चोर पकडतो, हे त्या लेखकांना एकदा साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करून विचारावं असं त्यांना फार वाटे. पण त्या पुस्तकांत माणूस मेला की निदान एकाच्या तरी घशाखाली घास उतरत नाही. किटलीत सगळ्यांच्या घशाखाली सगळं उतरतं.

पुढच्या दिवशी दुपारी वाचताना पुन्हा केक आला आणि बाईंचा तोल सुटला. पुस्तकावर डोळे ठेवून, आवाज जराही न बदलता, त्यांनी वाचलं, "तेवढ्यात घरमालकाची बहीण आली. तिनं कुणाला काही विचारलं नाही. कोपऱ्यातली बादली घेतली आणि गुडघ्यांवर बसून फरशी धुतली."

पुस्तकात बहीण नव्हती. बादलीही नव्हती.

"त्याला बहीण होती?" पलंगाखालून आवाज आला.

"होती."

"मघाशी सांगितलं नाही ते."

बाई म्हणाल्या, आता सांगतायत ना. आणि पान उलटलं.

एकदा आलेल्या माणसाला पुस्तकातून हाकलता येत नाही, हे बाईंना दोन दिवसांत कळून चुकलं. सर रोज विचारत, बहिणीचं काय झालं. मग बहिणीला राहायला घर द्यावं लागलं, ते गावाबाहेर. नोकरी द्यावी लागली, ती इस्पितळात चादरी धुण्याची. भावानं तिला कधी विचारलं नव्हतं, तरी ती त्याच्यासाठी आली होती. बेकरीवालीनं तिला शिळा पाव दिला आणि त्याचे पैसेही घेतले, हे वाचताना बाईंना विलक्षण समाधान वाटलं. बेकरीवालीवर त्यांचा पहिल्या पानापासून दात होता. पोलिसालाही त्यांनी आम्लपित्त लावलं, म्हणजे केक तरी बंद होईल. सर एकदम खूश. किटलीच्या पुस्तकांना आता खोली येऊ लागली आहे, असं ते येईल त्याला सांगू लागले.

इथवर ठीक होतं. पण सर पडले भूमितीचे. पालथ्या माणसाला दुसरा उद्योग नाही. एका दुपारी पलंगाखालून सिद्धता बाहेर आली. पक्ष: भाऊ मेल्याचं बहिणीला कुणी कळवलेलं नाही, तरी ती आली. कुणी सांगितलं नाही, तरी तिनं फरशी धुतली, म्हणजे पुरावा नष्ट केला. भावाच्या मागे घरं तिलाच मिळणार. साध्य: खून बहिणीनं केला.

बाईंनी पुस्तक मांडीवर आपटलं.

"ती रडली, ते नाही ऐकलंत?"

सर म्हणाले, रडणं हा पुरावा होत नाही.

बाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि धुतलेली भांडी पुन्हा धुतली. ती बहीण त्यांनी हवेतून काढली नव्हती. फार वर्षांपूर्वी कोर्टात, भावाच्या खुनाच्या खटल्यात, एका बाईची साक्ष झाली होती. साक्ष संपल्यावर पिंजऱ्यातून उतरताना तिनं न्यायाधीशांना विचारलं होतं, की भावाच्या चपला घरी न्यायला मिळतील का. बाईंनी तेही टिपलं. न्यायाधीश म्हणाले, एवढं गाळा. बाईंनी गाळलं. आता त्याच बाईला आपल्या घरात, आपल्याच नवऱ्यानं, आपल्याच पलंगावर पालथं पडून खुनी ठरवावं, हे त्यांना सहन होईना.

तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या वाचनात बाईंनी बहिणीला निर्दोष सोडवायचं ठरवलं. खून झाला त्या रात्री ती इस्पितळात कामावर होती, असं त्यांनी वाचलं. मुख्य परिचारिकेची साक्ष काढली. वर पहारेकऱ्याचीही काढली. स्वतः न्यायाधीशांनी मान डोलावली असती अशी साक्ष होती ती.

सरांना आनंदाचं भरतं आलं. ते म्हणाले, आता तर शंकाच नको. झोपलो होतो म्हणतो तो निरपराध माणूस. दोन दोन साक्षीदार बरोबर घेऊन फिरते ती खुनी. लेखकानं हे मुद्दाम घातलंय.

"लेखकानं नाही घातलेलं," बाई दातओठ खात म्हणाल्या, आणि सरांनी विचारलं, मग कुणी घातलं. बाईंनी पुढचं पान उलटलं.

जितका जितका बाईंनी बहिणीचा बचाव केला, तितका तितका सरांचा संशय पक्का होत गेला. शेवटी येणाऱ्याजाणाऱ्यापुढे ते डोळ्याचं सोडून बहिणीचंच सांगू लागले. त्यातच एका दुपारी खालच्या मजल्यावरचे घोषणाकाका आले. हयातभर बसस्थानकावर गाड्या पुकारल्यामुळे त्यांना हे नाव पडलं होतं. ते बसून वाचन ऐकत राहिले, शिळ्या पावापाशी त्यांनी रुमाल काढला, आणि घरी जाता जाता वाचनालयातून त्याच पुस्तकाची दुसरी प्रत घेऊन गेले.

तिथून सगळं हाताबाहेर गेलं.

काकांना त्यांच्या प्रतीत बहीण सापडेना. त्यांनी पुस्तक पहिल्यापासून वाचलं, उलट वाचलं, आणि ते ग्रंथपालाकडे गेले, की वाचकांना अर्धवट पुस्तकं देता, लाज वाटत नाही का. ग्रंथपाल म्हणाला, प्रती दोन्ही एकाच वेळी आल्या, एकाच छापखान्यातल्या. काका म्हणाले, मग वरच्या मजल्यावर बहीण आहे आणि खालच्या मजल्यावर नाही, हे कसं. ग्रंथपालाला आपल्या वाचनालयाची अब्रू जाताना दिसली. त्यानं सांगितलं, पानं फाटल्याची तक्रार ज्याच्याकडे पूर्ण प्रत आहे त्या सभासदानं समक्ष येऊन मांडायची असते. काका म्हणाले, सभासद पालथा आहे. ग्रंथपाल म्हणाला, पालथ्या सभासदाबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही. यावर दोघांत बराच वेळ वाद झाला आणि कॉलनीत बातमी अशी पसरली, की वाचनालयवाले पुस्तकांतल्या गरीब बायका कापून टाकतात.

हे सगळं काकांनी येऊन सरांना पुकारून सांगितलं. सर पेटले. म्हणाले, डोळा गेला तरी बेहत्तर, मी उठून जातो. बाईंनी त्यांना खांद्याला धरून दाबून ठेवलं. त्या क्षणी सांगून टाकायला हवं होतं, हे त्यांना कळत होतं. पण काकांसमोर? ज्या बाईच्या टिपणातला शब्द कधी हलला नाही तिनं? त्यांनी उलट काकांवरच तोंड टाकलं, की आजारी माणसाच्या घरी येऊन असल्या चुगल्या करता, बसस्थानक आहे का हे. काका दुखावले, पण हटले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ग्रंथपालालाच घेऊन वर आले.

पुढच्या खोलीत मग कोर्टच भरलं. ग्रंथपाल खुर्चीवर. काका दुसरी प्रत उघडून उभे. सर पालथे. बाईंच्या हातात पहिली प्रत. सर म्हणाले, बहीण फरशी धुते ते पान वाच, म्हणजे या दोघांचं समाधान होईल. त्यांच्या आवाजात बायकोबद्दल असा काही विश्वास होता, की बाईंना त्याचाही राग आला.

त्यांनी वाचायला तोंड उघडलं. तोंडपाठ होतं सगळं. पण ग्रंथपाल उठून त्यांच्या खांद्यावरून पानात बघू लागला, आणि बाईंच्या तोंडून केक बाहेर पडला. वेलची घातली होती का, हे बेकरीवालीला आठवेना, असं त्यांनी वाचलं. मग पुढचं. मग त्याच्या पुढचं, जसं छापलं होतं तसं.

"बहीण?" पलंगाखालून आवाज आला.

काका म्हणाले, हेच तर, माझ्यातही नाही.

बाईंनी पुस्तक मिटलं. "बहीण पुस्तकात नाही," त्या म्हणाल्या. "मी घातली. ह्या पुस्तकात माणूस मेल्याचं कुणाला दुःख नाही. मला संताप आला, मी घातली. आता काय फाशी द्यायची ती द्या."

ग्रंथपालानं दोन्ही प्रती काखेत मारायचा प्रयत्न केला, कारण असं काही घडलं तर काय करायचं हेही नियमात नव्हतं. काकांनी आपली सोडली नाही. मग सर बोलू लागले. फार हळू बोलले, पण एकेक शब्द ऐकू आला.

"इतके दिवस मी पक्ष धरून चाललो होतो. तो तू खोटा दिलास. परक्यांचा शब्द जन्मभर सांभाळलास आणि मी डोळे मिटून पडलो तर मला काहीही वाचून दाखवलंस."

बाईंना म्हणायचं होतं, की काहीही नव्हतं ते. पण ग्रंथपाल तिथेच होता आणि काकाही तिथेच होते. त्या म्हणाल्या, मग काकांकडून वाचून घ्या, त्यांचा आवाज मोठा आहे. सर म्हणाले, घेईन.

रागाच्या भरात माणूस बोलतो काय आणि समोरचा ते खरं करतो काय. त्या दुपारपासून काका हजर. त्यांनी घसा साफ केला आणि पुस्तक पुकारायला सुरुवात केली. केक दुकानात येत आहे. केक दुकानात येत आहे. महत्त्वाचं वाक्य ते सवयीनं दोनदा वाचत आणि सगळीच वाक्यं त्यांना महत्त्वाची वाटत. खालून लोक विचारून गेले, काही अपघात झालाय का. बाई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून ऐकत. बेकरीवाली गोड हसली, असं ऐकलं की त्यांच्या हातून काहीतरी आपटायचं. लग्न झाल्यापासून या घरात पुस्तक वाचलं जातंय आणि आपण त्या खोलीत नाही, असं कधी झालं नव्हतं. नवरा पाणी मागायचा, औषध मागायचा, पालथ्या अंगानं आभारही मानायचा. पुस्तकाबद्दल एक अक्षर बोलायचा नाही. भांडला असता तर बाईंनी चार शब्द सुनावून मोकळं केलं असतं. हे आभार त्यांच्या जिव्हारी लागत होते.

शेवटच्या प्रकरणाआधी काकांनी रीतीप्रमाणे पुस्तक मिटलं आणि सरांना खुनी विचारला. सर म्हणाले, मला नाही सांगायचा. काकांना नवल वाटलं. त्यांनी पुढचं पुकारलं. खुनी चौकातला घड्याळवाला निघाला, घड्याळवाला निघाला. मांजरानं त्याला पकडून दिलं. सगळ्यांनी केक खाल्ला. काका समाधानानं पुस्तक परत करायला गेले.

घरात बऱ्याच दिवसांनी शांतता झाली. बाई ओट्यावर फडकं मारत होत्या, एकाच जागी. तेवढ्यात हाक आली. अगं, अशी. पाण्याची नव्हती ती हाक, हे बाईंना लगेच कळलं, तरी त्या मुद्दाम पाण्याचं भांडं घेऊनच गेल्या.

"घड्याळवाला निघाला," सर म्हणाले.

"ऐकलं. सगळ्या कॉलनीनं ऐकलं."

"म्हणजे ती सुटली."

"अडकली कधी होती? तुम्ही अडकवलीत तिला," बाई म्हणाल्या, आणि इतक्या दिवसांचं सगळं वर आलं. "दोन साक्षीदार आणले, तरी अडकवलीत. रडली तरी अडकवलीत. कुणी नव्हतं तिच्या बाजूनं, एक मी होते, तर मलाच खोटं ठरवलंत."

बाई पाण्याचं भांडं तसंच हातात धरून उभ्या राहिल्या.

"माझं एक अडतंय," पलंगाखालून आलं. "घड्याळवाल्याची सिद्धता बरोबर आहे, पण मी त्याचा विचारच करत नाहीये. खून जर तिनं केला नाही, तर तिनं फरशी का धुतली? काही केल्या सुटत नाही मला."

"कारण दुसऱ्या कुणी धुतली नसती," बाई म्हणाल्या.

सरांचे खांदे पांघरुणाखाली जरा हलले. त्यांनी हात बाहेर काढून पलंगाच्या कडेवर नुसता ठेवला.

"मग घरी कशी गेली ती?" त्यांनी विचारलं. "तिच्या घरी होतं का कुणी?"

बाईंचा राग होता तिथेच होता. त्यांनी भांडं खाली ठेवलं, खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि बसल्या.

"पुस्तक नाहीये माझ्या हातात," त्या म्हणाल्या.

"नसू दे," सर म्हणाले.